चाळीस मिलिमीटरची आस

मालपिकाच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे
एक लांबट गोदाम आहे.
तिथं बुटक्या खुर्च्यांवर बसून सात बायका
हिरवी जाळी सांधतात.
दारापासची खुर्ची दोरिंदाची.
पाच वर्षांपूर्वी ती वर्षभर रिकामी होती.
म्हणजे अगदी रिकामी नाही,
एरुंदिना तिच्यावर आपला डबा ठेवायची.

मी कोरुन्याच्या इस्पितळातून आले, तीस प्रश्न घेऊन.
प्रत्येकाच्या डोक्यावर छापलेलं: गेल्या आठवड्यात.
उत्तरं चारच.
मुळीच नाही, थोडंसं, बरंच, खूप.

"गेल्या आठवड्यात वारा होता," दोरिंदा म्हणाली,
"होड्या बाहेर पडल्याच नाहीत.
तो आठवडा धरायचा का?"

धरायचा.

झोपेचा त्रास?
ऑक्टोबरात तपासणी असते,
तिच्या आधीच्या दहा रात्री सोडल्या तर नाही.
ऑक्टोबर काही गेल्या आठवड्यात येत नव्हता.
मुळीच नाही.

बोटं बधिर वाटतात? बरीच.
त्यामुळे कामात अडचण?
तिनं सुई भरली, गाठ मारली, ओढून दाखवली.
"तुम्हीच सांगा."
गाठ चोख होती.
मुळीच नाही, अशी खूण करून मी पान उलटलं.

तेव्हा ती म्हणाली, खाली बघतच,
"पूर्वी हात आपले आपण विणायचे.
डोळे मोकळे असायचे.
या दारातून बेटं दिसतात ना, सिसार्गास,
त्यांच्यामागून एलादिओची होडी वळली की
सगळ्यांत आधी मला कळायचं.
आता दोरा बोटांना लागत नाही,
डोळ्यांनी धरावा लागतो.
होडी धक्क्याला येते, कोणीतरी हाक मारतं,
मग मी मान वर करते."

याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं: होडी.
समास संगणक वाचत नाही.

शेवटचा प्रश्न. आयुष्य एकूण कसं, एक ते सात?

"सात कोणाला आहे गं?" तिनं गोदामालाच विचारलं.
एरुंदिना, जिला जन्मात सर्दीपलीकडे काही झालं नाही,
म्हणाली, चार.
बाल्बिना म्हणाली, नवरा घरी असेल तर तीन.
हसता हसता कोणाची तरी सुई घरंगळत गेली.

"सहा," दोरिंदा म्हणाली.

मी जुना कागद काढला. निदानाचा आठवडा.
दहा जागी बोटं, कमरेपर्यंत केस, दोन्ही स्तन.
तेव्हा तिनं लिहिलं होतं पाच.
नीट आठवून सांगा, म्हटलं. मापात पाप नको.

तिनं मांडीवरची लाकडी पट्टी माझ्या हातात दिली.
जाळ्याची आस हिच्यावरून बेततात,
दर गाठीला एक वेढा, चाळीस मिलिमीटर.
"आईची आहे. दोऱ्यानं झिजते, दिसत नाही.
आपण चाळीसच विणतोय असं धरून चालतो.
मग एक दिवस तपासनीस येतो,
पितळी मापानं मोजतो. अडतीस.
दंड ठोकतो."

आणि जाळं?

"जाळ्याला काय झालंय!
आधी जे निसटून जायचं तेही अडकतं त्यात."
थोडं थांबून म्हणाली,
"काल बटाटे शिजताना
पातेल्यावरचं झाकण वाजत होतं.
तसलं बारीकसारीक."

शून्य ते शंभरच्या मापात सहाचे होतात
त्र्याऐंशी पूर्णांक तेहतीस शतांश.
तेवढं घेऊन मी निघाले.

दारात जरा थबकले.
बेटांमागून एक होडी वळत होती.
एलादिओच्या होडीचा रंग कोणता,
हे मी विचारलंच नव्हतं.

तरी मी हाक मारली.